‘पड’ हा शेरा मी लिहिला होता : राज्यातील जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व जिल्हाधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : सौर प्रकल्पांसाठी गायरान जमिनींची निवड

महोदय / महोदया,

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव मात्र मला अजून ‘भाऊसाहेब’ म्हणूनच हाक मारते. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित शेती पाहतो. त्यातली बरीचशी कोरडवाहू आहे आणि दीड एकर विहिरीच्या पाण्याखाली आहे. गावाचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका गावाचे गाऱ्हाणे म्हणून एखाद्या फाइलीत लावले जावे अशी माझी इच्छा नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शासकीय जमीन द्यायची की नाही, आणि द्यायची तर कोणती, हा निर्णय शेवटी आपल्या सहीने होतो, म्हणून पत्र आपणा सर्वांना लिहीत आहे.

पहिली गोष्ट ही की मी सौरविजेच्या विरोधात नाही. ज्याने रात्रपाळीच्या विजेवर गव्हाला पाणी दिले आहे तो विरोधात असूच शकत नाही. आठवड्याची पाळी रात्रीची आली की साडेबाराला उठायचे, कानटोपी बांधायची, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जायचे, स्टार्टर दाबायचा, आणि मग पहाटेपर्यंत चिखलात उभे राहून दारे धरायची. मध्येच डीपीवरचा फ्यूज गेला तर तेवढी रात्र फुकट. माझ्या चुलतभावाला अशाच एका रात्री पाटाच्या कडेला फुरसे चावले. तो वाचला, पण पायाचा अंगठा गेला. राज्यात 44 लाखांहून अधिक कृषिपंप आहेत आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाने वर्षानुवर्षे रात्रीचेच पाणी पाहिले आहे. दिवसा आठ तास वीज मिळणार असेल तर शेतकऱ्याला ती हवीच आहे. सौर प्रकल्पाला विरोध करणारे गाव विकासाच्या आड येते, असा अहवाल आपल्यापुढे ठेवला जातो तेव्हा हे वाक्य आठवावे, एवढ्यासाठी ते आधी लिहिले.

योजनेचा हिशेब आपणास माहीत आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या या योजनेची दुसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. वीज उपकेंद्राच्या आसपास, पाच-दहा किलोमीटरांच्या आत, लहान-मध्यम सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, सोडायची, अशी तिची रचना आहे. मार्च 2024 मध्ये सुमारे 9,200 मेगावॅटची कामे विकासकांना देण्यात आली आणि पुढे उद्दिष्ट 16,000 मेगावॅटपर्यंत गेले. वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणजे कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे 3 मेगावॅटचा पहिला प्रकल्प 2024 मध्ये सुरू झाला. योजना चांगली आहे. तथापि एका मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते. 16,000 मेगावॅट म्हटले की 64,000 ते 80,000 एकर झाले. एवढी जमीन आकाशातून येणार नाही, ती कोणाच्या तरी पायाखालून निघणार.

ती कोणाच्या पायाखालून निघते, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. खाजगी जमीन घ्यायची तर सातबाऱ्यावर आठ-दहा वारस असतात, त्यांतली एक बहीण नाशिकला, एक भाऊ सुरतेला, एकाचा दावा दिवाणी न्यायालयात. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत निविदेची मुदत संपून जाते. गायरानाचा, म्हणजे गावाच्या सामाईक चराईच्या जमिनीचा, उतारा मात्र स्वच्छ असतो. भोगवटादाराच्या रकान्यात ‘सरकार’, इतर हक्कांत ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’, आणि खाली पिकांचा रकाना कोरा. उपकेंद्राजवळ, सपाट, वादाविना, एका सहीत मिळणारी जमीन. उपकेंद्रांच्या यादीवरून पाच किलोमीटरांचे वर्तुळ काढायचे आणि त्यात शासकीय गट शोधायचे, या पद्धतीने निवड झाली की गायरान वर येणारच. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असायला लागत नाही. मीही त्या खुर्चीच्या जवळ बसलेला माणूस आहे. हातात मुदत असलेला अधिकारी सर्वांत सोपी फाइल आधी उचलतो, हे मला कळते.

पण तो कोरा रकाना कोणी कोरा ठेवला, हे मला सांगायचे आहे.

गाव नमुना बारा, म्हणजे सातबाऱ्यातला पिकांच्या नोंदीचा भाग, भरताना हंगामात प्रत्येक गटावर जाऊन पीक पाहणी करावी, असा नियम. मी किती गटांवर गेलो ते माझे मला ठाऊक. चार गावांचा सजा, वर निवडणुकीची कामे, दुष्काळाचे पंचनामे, वसुली. पीक पाहणी बहुतेक वेळा चावडीत बसून, कोतवालाला आणि दोन जाणत्या माणसांना विचारून भरली जाई. खाजगी गटांच्या बाबतीत निदान शेतकरी येऊन भांडायचा, ‘भाऊसाहेब, माझी तूर होती, तुम्ही ज्वारी कशी लावली?’ गायरानासाठी भांडायला कोण येणार? नमुन्यात ‘गवतपड’ लिहिण्याची सोय होती. तो शब्द खरा होता, त्यात गवताची नोंद तरी राहिली असती. मी मात्र वर्षानुवर्षे नुसते ‘पड’ लिहून पुढचा गट घेतला. आता शेतकऱ्याने मोबाइलवर आपली पीक पाहणी आपणच करायची सोय 2021 पासून झाली आहे. त्यातही गायरानाची नोंद करणारा कोणी नाही, कारण गायरानाला मालक नाही, फक्त वापरणारे आहेत. आमच्या गावच्या सौर प्रकल्पाच्या प्रस्तावात जमिनीचे वर्णन ‘पडीक, वापराविना’ असे आहे आणि आधाराला नमुना बाराचे उतारे जोडले आहेत. त्यांतल्या काही वर्षांचे अक्षर माझे आहे.

शेऱ्याची गोष्ट इथे संपत नाही. गावोगावच्या तलाठ्यांनी लिहिलेल्या ‘पड’वर तालुक्याचे आकडे उभे राहतात, तालुक्यांवर जिल्ह्याचे. देशाच्या पातळीवर उपग्रहाच्या चित्रांवरून तयार होणारे पडीक जमिनींचे नकाशेही आहेत, आणि त्यांत विरळ झुडपांच्या माळरानाचा मोठा भाग पडीक म्हणूनच रंगवलेला आहे. वरून नकाशा म्हणतो पडीक, खालून उतारा म्हणतो पड. मधल्या अधिकाऱ्याने तिसरे काय म्हणावे?

आमच्या गायरानावर काय आहे ते सांगतो. गेल्या आश्विनात, निवृत्तीनंतर का होईना, मी त्या गटाची पीक पाहणी केली. सकाळी साडेसहाला उत्तरेकडच्या हद्दीच्या दगडापासून चालायला सुरुवात केली. मुरमाड चढावर कुसळ, खालच्या अंगाला जिथे माती साचली आहे तिथे पवन्या आणि मारवेल, गुडघ्याला लागेल एवढे. तरवड फुललेला. हिवर आणि बोरी मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. नाल्याच्या काठी गावातली एक म्हातारी चार शेळ्या घेऊन बसली होती. तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. तिला विचारले, गायरान गेले तर काय करशील? तिने मलाच विचारले, ‘भाऊसाहेब, तुम्ही कागदावर काय लिवलं व्हतं?’ तिला ते कसे कळले, हे मला अजून समजलेले नाही. बहुधा ग्रामसभेत कोणी तरी उतारा वाचून दाखवला असावा. मी उत्तर दिले नाही. तिचा हिशेब साधा आहे: वर्षाला दोन-तीन करडे विकायची, एक बोकड बकरी ईदच्या आधी बाजारात न्यायचा, त्यावर किराणा, औषध आणि नातवाची वही-पुस्तके. शेळीला विकतचा चारा घालून हा हिशेब बसत नाही. शेळी फुकटच्या पाल्यावर जगते तोवरच ती गरिबाची गाय असते.

त्या दिवशी धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा त्यांचा तळ, अजून आलेला नव्हता. दिवाळीच्या सुमारास ते मेंढरे घेऊन येतात, दिवसा गायरानावर चारतात आणि रात्री आमच्या शेतांत बसवतात. माझ्या शेतात तीन रात्री मेंढ्या बसल्या की पुढची दोन वर्षे लेंडीखत पुरते. त्याबद्दल मी धान्य आणि थोडे पैसे देतो. गायरान कुंपणात गेले तर मेंढपाळ या वाटेने येणार नाहीत, आणि मग ज्यांनी कधी एक शेळीही पाळली नाही अशा बागायतदारांनाही ते कळेल. हा व्यवहार कोणत्याच नमुन्यात नोंदला जात नाही. मीही कधी नोंदला नाही.

इथे एक हरकत नेहमी घेतली जाते, आणि ती अगदी चुकीची नाही. आता गावात गुरे आहेत कुठे? बैल गेले, ट्रॅक्टर आले; मग गायरान कोणासाठी राखायचे? बैल कमी झाले, हे खरे आहे. 2019 च्या पशुगणनेत राज्यातला गोवंश घटलेला दिसतो. पण त्याच गणनेत शेळ्या 2012 च्या तुलनेत वाढून एक कोटीच्या पुढे गेल्या आहेत. शेतकऱ्याच्या गोठ्यातून बैल गेला आणि भूमिहीनाच्या दारात शेळी आली, असा तो बदल आहे. म्हणजे गायरानाचा वापर संपला नाही. वापरणारा बदलला, आणि जो नवा वापरणारा आहे त्याचा आवाज ग्रामपंचायतीत जुन्यापेक्षा लहान आहे. दुष्काळात काय होते तेही आपण पाहिले आहे. 2018-19 मध्ये चारा छावण्या उघडाव्या लागल्या तेव्हा मी त्या छावण्यांच्या नोंदवह्या लिहीत होतो. छावणीत मोठी जनावरे आली. शेळ्या-मेंढ्यांचा निभाव ज्यावर लागला तो पाला आणि ते वाळके गवत कोणत्याही बिलात आले नाही.

गायरानाच्या बाजूने बोलताना मला आमच्याच लोकांविषयीही बोलावे लागेल, नाहीतर हे पत्र खोटे ठरेल. गायरानाचा लचका सौर प्रकल्पाने पहिल्यांदा तोडलेला नाही. ज्यांची शेते गायरानाला लागून आहेत अशा खात्यापित्या शेतकऱ्यांनी दर उन्हाळ्यात नांगराचे एक तास पुढे सरकवत बांध कोरला आहे. आज ‘गायरान वाचवा’ म्हणून पुढे बसणाऱ्यांत त्यांतले काही जण आहेत. दुसरीकडे, मराठवाड्यात गायरानावर दलित आणि भटक्या कुटुंबांनी भूक भागवण्यासाठी केलेली लागवडही आहे. त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964-65 मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा इतिहास आहे, आणि 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णयही आहे. त्या निर्णयाखालचे कितीतरी अर्ज तहसिलांत पडून राहिले. आता सौर प्रकल्पासाठी मोजणी होते तेव्हा पहिला बुलडोझर बांध कोरणाऱ्या बागायतदाराच्या ऊसावर जात नाही, दोन एकर बाजरी पेरणाऱ्या कुटुंबावर जातो. त्या कुटुंबाकडे दाखवायला अतिक्रमणाबद्दल भरलेल्या एकसाली दंडाच्या पावत्या असतात, आणि त्या पावत्या हाच त्यांच्या वहिवाटीचा पुरावा आहे, हे मोजणीदाराला कोणी सांगत नाही. म्हणून आपणास विनंती आहे की गायरानाचा प्रस्ताव पुढे जाण्यापूर्वी नमुना एक-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही आणि 1991 च्या निर्णयाखालचे प्रलंबित अर्ज एकत्र मागवावेत. कोण कुठे आहे हे त्यावरून एका दुपारी कळेल.

कायद्याचे मी आपणास सांगावे, हा आगाऊपणा होईल. तरी महसूल संहितेच्या कलम 22-अ कडे पुन्हा एकदा पाहावे. गायरान दुसऱ्या वापरासाठी वळवता येणार नाही, हा तिथे नियम आहे, आणि केंद्र-राज्य शासनाच्या सार्वजनिक प्रयोजनासाठी ते देता येते ते ‘दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसेल तर’ या अटीवर. ही अट अपवादाचा दरवाजा उघडण्याआधी लावलेली कडी आहे. प्रत्यक्षात प्रस्तावांमध्ये ती एका ओळीत उरकली जाते: ‘सदर गावी अन्य योग्य शासकीय जमीन उपलब्ध नाही.’ कोणत्या जमिनी पाहिल्या, त्या का नाकारल्या, कोणी पाहिल्या, कोणत्या तारखेला, यातले काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवून त्या सामाईक वापरासाठीच राखण्याचे जे कडक धोरण सांगितले, आणि त्यानंतर 12 जुलै 2011 रोजी आपल्या राज्याने जो शासन निर्णय काढला, त्याचा उपयोग गरिबाची झोपडी पाडताना अगदी शब्दशः होतो. तोच निर्णय सौर प्रकल्पाच्या फाइलीत मात्र दिसत नाही. ती एक ओळ पानभर करावी आणि ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, एवढे झाले तरी निम्मे वाद मिटतील, असे माझे अनुभवावरून मत आहे.

आता पैशाचे. खाजगी शेतकऱ्याने आपली जमीन या योजनेत भाड्याने दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ होते. शासकीय जमीन नाममात्र 1 रुपया भाड्याने दिली जाते. प्रकल्प आलेल्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षे, म्हणजे एकूण 15 लाख रुपयांचे अनुदान आहे. आमच्या गावच्या सरपंचांनी हे 15 लाख सभेत अभिमानाने सांगितले आणि टाळ्याही पडल्या. मी घरी येऊन पाटीवर हिशेब केला. दहा हेक्टर गायरान जर एखाद्या शेतकऱ्याचे असते तर त्याला वर्षाला साडेबारा लाख मिळाले असते. दरवाढ न धरता पंचवीस वर्षांचे 3 कोटी 12 लाख 50 हजार. तीच जमीन सगळ्या गावाची आहे म्हणून तिचे 15 लाख. सामाईक मालमत्तेची किंमत खाजगी मालमत्तेच्या विसाव्या भागाहून कमी, हे कोणत्या न्यायाने? शासन सूट देते ती स्वस्त विजेसाठी, हे मान्य. पण ती सूट गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या चाऱ्यातून दिली जात आहे आणि स्वस्त वीज मिळणार आहे ती विहीर आणि पंप असलेल्याला, म्हणजे मला. म्हातारीच्या शेळ्या कमी होतील आणि माझी रात्रपाळी सुटेल. हा व्यवहार माझ्या फायद्याचा आहे, म्हणूनच तो मला खुपतो.

ग्रामसभेविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रस्तावाला जोडलेले ‘ग्रामपंचायतीचे ना-हरकत’ आपल्या टेबलावर येते तेव्हा ते मासिक सभेचे आहे की ग्रामसभेचे, हे आधी पाहावे. मासिक सभेत सात-नऊ सदस्य असतात. ग्रामसभेत गाव असते. ग्रामसभेचा ठराव असेल तर विषयपत्रिका मागवून पाहावी. आमच्याकडे हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात आला. सभा आधी गणपूर्तीअभावी तहकूब झाली होती, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आपण जाणताच. त्या सभेला जे हजर होते त्यांत वस्तीवरचे, शेळ्या चारणारे, गायरान कसणारे कोणी नव्हते. सकाळी अकराला शेळ्या रानात असतात. ठराव ‘सर्वानुमते’ झाला. हजेरीच्या पानावर काही सह्या नंतर घेतलेल्या आहेत, हे शाईवरूनही दिसेल. यात बेकायदेशीर फार थोडे आहे. सगळे नियमात बसवलेले आहे, आणि नियमात कसे बसवतात हे माझ्यासारख्याला कोणी शिकवायला नको.

जमीन गेल्यावर होणारी काही नुकसाने कागदावर येतच नाहीत. दहा हेक्टरांना जाळीचे कुंपण पडले की गायरानातून जाणाऱ्या पायवाटा बंद होतात. एखाद्या शेतकऱ्याने शेजाऱ्याचा वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदार रस्ता खुला करून देतात. पलीकडच्या वस्तीवरच्या मुलांची शाळेची वाट कुंपणात गेली तर त्यांनी कोणावर दावा लावायचा? पाण्याचेही तसेच. माळाला उतार असतो, त्यावर गवत असते, म्हणून पावसाचे पाणी अडत-मुरत खाली येते. सपाटीकरण करून गवत खरडले की तेच पाणी पहिल्याच मोठ्या पावसात खालच्या शेतांत लोंढ्याने उतरते आणि बांध फोडते. हे टाळता येते. उताराप्रमाणे चर काढता येतात, पॅनेलचे खांब जमीन न खरडता रोवता येतात, कुंपणात वाट सोडता येते. पण जमीन देताना अट घातली तरच. नंतर विकासक म्हणतो की निविदेत नव्हते, आणि ते खरे असते.

जमिनीच्या बाबतीत घाई कुठवर नेते, याची एक आठवण करून देणे मला भाग आहे. धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन औष्णिक वीज प्रकल्पासाठी म्हणून संपादित झाली. पुढे ती जागा सौर प्रकल्पाकडे वळली. मोबदला सुमारे 4 लाख मिळाला, शेजारच्यांना कितीतरी अधिक मिळाल्याचे त्यांचे म्हणणे होते. कार्यालयांच्या फेऱ्या मारून थकलेल्या या 84 वर्षांच्या शेतकऱ्याने 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. फेरमूल्यांकनाची चक्रे त्यानंतर फिरली. ते प्रकरण संपादनाचे होते, गायरानाचे नव्हे, हा फरक मी जाणतो. पण धर्मा पाटलांकडे सातबारा होता, नोटीस होती, दाद मागायला दारे तरी होती. गायरानावर शेळ्या चारणाऱ्या बाईकडे यातले काहीच नाही. तिचे काही गेले, हेच सिद्ध करता येत नाही.

कर्नाटकातल्या पावगड्याचे उदाहरण आपल्याला अनेकदा दिले जाते, आणि ते अर्ध्यापर्यंत चांगले आहे. तुमकुरू जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात सुमारे 13,000 एकरांवर 2,050 मेगावॅटचे सौर उद्यान झाले. जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, एकरी वर्षाला 21,000 रुपयांपासून सुरुवात झाली, मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. जमीनदार शेतकऱ्याला पावसाची वाट न पाहता ठरलेला पैसा मिळू लागला. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि जे त्या शेतांवर मजुरी करत, त्या पडीक तुकड्यांवर मेंढ्या चारत, त्यांना मात्र भाडे मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पॅनेल पुसण्याची, गवत काढण्याची, पहारा करण्याची कामे सर्वांना पुरत नाहीत. पावगड्याचा धडा घ्यायचा तर पूर्ण घ्यावा.

मग जमीन कुठून आणायची, हा आपला प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की आधी भाड्याने द्यायला तयार असलेल्या खाजगी हलक्या जमिनीकडे जावे. वारसांच्या सह्यांचा घोळ हा महसूल यंत्रणेने सोडवायचा घोळ आहे. त्यासाठी मंडळनिहाय शिबिर लावून वारस नोंदी केल्या तर सौर प्रकल्पालाच नव्हे, सगळ्यालाच उपयोग होईल. उपकेंद्रांची स्वतःची मोकळी आवारे, बंद पडलेल्या खाणींच्या जागा, औद्योगिक वसाहतींत वर्षानुवर्षे रिकामे पडलेले भूखंड यांची यादी आपल्याच कार्यालयांत आहे. आणि जिथे गायरानाशिवाय खरोखरच गत्यंतर नाही, तिथे चराई बंद झालीच पाहिजे असे नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पॅनेल उंच बसवून त्यांच्याखाली पिके घेण्याचा प्रयोग झाला आहे. परदेशांत तर सौर प्रकल्पांतले गवत कापण्यासाठी मेंढ्यांचे कळप मुद्दाम आत सोडतात, विकासक त्याबद्दल मेंढपाळाला पैसे देतो. शेळी पॅनेलवर चढेल, हे मान्य. ती खोडसाळ जात आहे. मेंढी चढत नाही. ठरावीक महिन्यांत मेंढ्यांना आत सोडण्याची आणि कापलेले गवत शेळीवाल्यांना फुकट नेऊ देण्याची अट भाडेपट्ट्यात लिहायला एक परिच्छेद पुरेल. पॅनेल वीतभर उंच घ्यावे लागतील, खर्च थोडा वाढेल. गावाचे जे भाडे आज 1 रुपया धरले आहे त्याच्या तुलनेत तो वाढू द्यावा.

विदर्भातल्या गावांसाठी महसूल संहितेने निस्तारपत्रकाची तरतूद ठेवली आहे: गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीवर कोणी काय चारायचे, कुठून सरपण आणायचे, याची नोंद. मराठवाड्यात आमच्याकडे तसे काही नाही. पण कायद्यात नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्याने वापराची नोंद करू नये, असे कुठेही लिहिलेले नाही. गायरानाचा प्रत्येक प्रस्ताव पुढे पाठवण्याआधी त्या गटाची वापर-पाहणी करावी, पावसाळ्यानंतर करावी, तलाठ्याने एकट्याने न करता शेळी-मेंढीवाल्यांना बरोबर घेऊन करावी, आणि तिच्यावर त्यांचे अंगठे घ्यावेत, ही माझी मुख्य विनंती. ती पाहणी वस्तीवर, संध्याकाळी, शेळ्या परत आल्यावर वाचून दाखवावी, आणि मग ग्रामसभेपुढे हा एकच विषय ठेवावा. त्या सभेने नकार दिला तर तो नकार मानावा. होकार दिला तर कोणत्या अटींवर, ते भाडेपट्ट्यात उतरवावे. यात दोन-तीन महिने जातील. पंचवीस वर्षांच्या करारापुढे ते फार नाहीत, आणि पोलीस बंदोबस्तात मोजणी करून नंतर न्यायालयात जाणाऱ्या महिन्यांपेक्षा तर नक्कीच कमी आहेत.

आमच्या गावच्या फाइलीत गायरानाचे दोन फोटो आहेत, खाली अक्षांश-रेखांश आणि तारीख छापून आलेले. तारीख मे महिन्यातली आहे. वैशाखात आमचा माळ तसाच दिसतो, भाजलेला, दगड वर आलेले. माझे स्वतःचे शेतही तेव्हा तसेच दिसते. त्या फोटोंशेजारी आश्विनातला एक फोटो लावावा. माणूस पाठवणार असाल तर त्याला सकाळी सातच्या आत हद्दीच्या दगडाशी यायला सांगा. मी तिथे असेन. आठनंतर शेळ्या नाल्याच्या पलीकडे जातात आणि फोटोत येत नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी